युरोपातलं कंत्राट, कर आणि पैसे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या वाचकांना गेल्या अंकात प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. नागपुरातल्या मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, धरमपेठ आणि जवळच्या बुटीबोरी अशा ठिकाणांहून पत्रं आली. बहुतेकांनी एकच विचारलं आहे: कर तिकडे भरायचा की इकडे? हा प्रश्न एक दिसतो, पण त्याच्या पोटात चार आहेत. आयकर कोणत्या देशाचा? व्हॅट किंवा जीएसटी कोणी भरायचा? सामाजिक विम्याची वर्गणी कुठे जाणार? आणि त्या देशात बसून काम करायची परवानगी आहे का? चारही बाबतींत कायदे वेगळे आहेत आणि दिवस मोजायची रीतही वेगळी आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की घोळ होतो, आणि पत्रांतले बरेचसे घोळ याच जातीचे आहेत. म्हणून उत्तरं देताना आम्ही हे चार धागे शक्य तिथे सुटे ठेवले आहेत.

प्रश्न: मी मनीषनगरातून घरूनच एका डच कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. महिन्याला ३,००० युरो ठरले आहेत. कंपनी माझा व्हॅट क्रमांक मागते आहे. मला नेदरलँड्समध्ये नोंदणी करावी लागेल का? इथे जीएसटी लागेल का?

नेदरलँड्समध्ये नोंदणी करायची गरज नाही. युरोपीय संघाच्या व्हॅट नियमांनुसार एका व्यवसायाने दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या सेवेवरचा कर साधारणपणे घेणाऱ्याच्या देशात लागतो. देणारा बाहेरचा असेल तर तो कर घेणाऱ्यानेच आपल्या विवरणपत्रात दाखवायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. तुमची डच कंपनी २१ टक्के व्हॅट स्वतःच दाखवेल आणि बहुधा त्याच विवरणपत्रात त्याची वजावटही घेईल. तुमच्याकडे युरोपीय व्हॅट क्रमांक नसणं स्वाभाविक आहे, तसं त्यांना कळवा आणि बिलावर जीएसटी क्रमांक लिहा. त्यांचा व्हॅट क्रमांक मात्र मागून घ्या. डच क्रमांक 'एनएल'ने सुरू होतो, पुढे नऊ अक्षरं-आकडे, मग 'बी' आणि शेवटी दोन आकडे. युरोपीय आयोगाच्या व्हीआयईएस या मोफत सेवेवर तो चालू आहे का ते तपासा आणि उत्तराचं पान जपून ठेवा. ग्राहक व्यवसाय आहे याचा तुमच्याकडचा पुरावा तोच. ग्राहक खासगी व्यक्ती असेल आणि तुम्ही ॲप किंवा डाउनलोडसारखी इलेक्ट्रॉनिक सेवा विकत असाल, तर हे सगळं उलटतं आणि युरोपात नोंदणी लागते.

आता जीएसटी. हिशेबापुरता एक युरो १०० रुपये धरला, तर तुमची वर्षाची उलाढाल ३६ लाख होते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे आणि निर्यातही या उलाढालीत मोजली जाते. 'निर्यातीवर कर शून्य, मग नोंदणी कशाला' असं पुष्कळ जण समजतात, ते चूक आहे. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करा. नोंदणी झाली की पहिलं बिल काढण्याआधी पोर्टलवर आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा. त्यात दोन साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात, ते आधीच तयार ठेवा. हे हमीपत्र त्या आर्थिक वर्षापुरतंच चालतं. ३१ मार्चला ते संपतं आणि एप्रिलचं पहिलं बिल नव्या हमीपत्राशिवाय निघतं, ही सगळ्यात नेहमीची चूक. हमीपत्र नसेल तर १८ टक्के आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि निर्यातीच्या व्यवहारांवरचा जीएसटी) आधी भरायचा आणि मग परताव्यासाठी अर्ज करायचा. ३ लाखांच्या बिलामागे ५४ हजार रुपये अडकतात.

बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक, ग्राहकाचा पत्ता व व्हॅट क्रमांक, सेवेचा एसएसी कोड (सेवेच्या प्रकाराचा क्रमांक), युरोतली रक्कम आणि 'एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता सेवा निर्यात' अशा अर्थाची ओळ हवी. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात ही बिलं निर्यातीच्या तक्त्यात, म्हणजे ६-अ मध्ये, 'कर न भरता' हा पर्याय निवडून टाका. जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रात ती ३.१(ब) या शून्य-दराच्या ओळीत जातात. अनेक जण ती करमाफ पुरवठ्याच्या ओळीत टाकतात. मग इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा, परतावा मागताना दोन्ही विवरणपत्रं जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. बिलाच्या तारखेपासून वर्षभरात, किंवा परकीय चलन नियमांनी वाढवून दिलेल्या मुदतीत, पैसे आले नाहीत तर आयजीएसटी व्याजासह भरावा लागतो. आणखी एक खर्च लोक विसरतात. नोंदणी झाल्यावर तुम्ही कामासाठी परदेशी कंपनीकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर रिव्हर्स चार्जने १८ टक्के तुम्हालाच भरावे लागतात. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी भरावं लागतं.

सावध राहण्याची एक जागा: ग्राहकाने एखादं यंत्र किंवा उपकरण चाचणीसाठी तुमच्याकडे नागपूरला पाठवलं आणि सेवा त्या वस्तूवर झाली, तर सेवेचं ठिकाण भारत ठरू शकतं. मग ती निर्यात राहत नाही. दुरुस्तीसाठी तात्पुरती आणून परत पाठवलेल्या वस्तूला यातून सूट आहे.

आयकर तुम्ही नागपुरातच भरायचा आहे, कारण तुम्ही भारतात रहिवासी आहात आणि काम इथे बसून करता. माहिती-तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय असल्याने ठोकळ पद्धत, म्हणजे जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए, तुम्हाला घेता येते. जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. मर्यादा ५० लाखांची आहे, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. ३६ लाखांवर १८ लाख उत्पन्न होतं. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या टप्प्यांनी त्यावर १,६०,००० रुपये कर आणि ४ टक्के उपकर धरून १,६६,४०० रुपये होतात. परदेशी ग्राहक टीडीएस कापत नाही, त्यामुळे ही सगळी रक्कम अग्रिम कर म्हणून १५ मार्चपर्यंत तुम्हीच भरायची. ती जुलैत विवरणपत्रासोबत भरली तर व्याज लागतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून पोर्टलवर काहीही शोधताना क्रमांकापेक्षा विषयाच्या नावावर भर द्या.

आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर. स्वतंत्र व्यावसायिकाला पीटीईसी, म्हणजे या कराची, नोंदणी घेऊन वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरावे लागतात. रक्कम लहान म्हणून राहून जाते, आणि नंतर मागच्या वर्षांसह व्याज-दंड लागून येते.

प्रश्न: ३,००० युरोचं बिल पाठवलं तर खात्यात दर वेळी वेगळी रक्कम येते. ग्राहक आयबॅन मागतो, बँक म्हणते आमच्याकडे आयबॅन नसतो. नेमकं काय द्यायचं?

आयबॅन म्हणजे युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. भारतात तो नाही, आणि युरोपची सेपा ही आपसातली युरो भरणा व्यवस्था भारतापर्यंत येत नाही. ग्राहकाच्या बँकेच्या पडद्यावर आयबॅनचा रकाना असतो. तिथे 'परदेशी भरणा' हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. मग तुमचा साधा खाते क्रमांक, ८ किंवा ११ अक्षरांचा स्विफ्ट कोड, बँकेचं व शाखेचं नाव-पत्ता आणि तुमचं खात्यावरचं अचूक नाव एवढं पुरतं. शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर बँकेच्या ज्या शाखेतून परकीय चलन येतं तिचा कोड लागतो. सीताबर्डी किंवा सदरच्या मोठ्या शाखेत विचारून तो लेखी घ्या.

पैसे तीन ठिकाणी गळतात. पाठवणाऱ्या बँकेचं शुल्क, मधल्या बँकेचं शुल्क आणि आपल्या बँकेचं शुल्क. खर्च कोणी सोसायचा हे पाठवणारा निवडतो. 'शा' (SHA, वाटून) हा पर्याय निवडला असेल तर मधल्या आणि आपल्या बँकेचा खर्च तुमच्या रकमेतून जातो. 'अवर' (OUR) निवडला तर सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे जातो. म्हणून करारातच लिहा: बँकांचं सर्व शुल्क पैसे देणाऱ्याकडे, आणि खात्यात पूर्ण बिल-रक्कम पोचली पाहिजे.

पण शुल्कापेक्षा मोठी गळती विनिमय दरात असते आणि ती पावतीवर दिसत नाही. समजा, बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि बँकेने ९८.५० चा दर लावला. ३,००० युरोवर ४,५०० रुपये गेले. त्याच व्यवहारात चलन बदलण्यावरचा जीएसटी ३५६ रुपयांच्या आसपास येतो. लोक त्या ३५६ रुपयांसाठी भांडतात आणि ४,५०० कडे बघत नाहीत. शाखेतल्या परकीय चलन विभागाला पैसे जमा होण्याआधी फोन करून दर ठरवून घेता येतो. नियमित रक्कम येत असेल तर बँक त्यात सवलत देते. मागितल्याशिवाय मात्र देत नाही.

युरोपातलं स्थानिक आयबॅन मिळवून देणाऱ्या सेवाही आहेत. ग्राहक सेपाने भरतो आणि ती सेवा रुपये करून तुमच्या खात्यात टाकते. सेवा निवडताना एवढं पाहा की भारतातला भाग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालतो आणि प्रत्येक रकमेचं एफआयआरए, म्हणजे परदेशी रक्कम आल्याचं पत्र, मिळतं. ते नसेल तर निर्यातीचा पुरावा नाही. तिथे तुमच्या नावावर शिल्लक राहणारं परदेशी खातं असेल, तर रहिवासी म्हणून ते आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावंच लागतं, शिल्लक दहा युरो असली तरी. ही माहिती जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाची असते. परदेशी खातं असलं की आयटीआर-४, म्हणजे ठोकळ पद्धतीचं सोपं विवरणपत्र, भरता येत नाही, ठोकळ पद्धत घेतली असली तरी आयटीआर-३ भरावा लागतो.

पर्पज कोडकडे, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणाऱ्या बँकेच्या कोडकडे, लक्ष ठेवा. सॉफ्टवेअर सल्ला व अंमलबजावणीसाठी पी-०८०२, व्यवस्थापन सल्ल्यासाठी पी-१००६. घाईत बँक कर्मचारी पी-१३०१ टाकतो. तो कुटुंबाच्या खर्चासाठी परदेशातून आलेल्या पैशांचा कोड आहे. त्या कोडखाली आलेली रक्कम जीएसटी अधिकारी सेवेचा मोबदला मानत नाही, आणि कोड दुरुस्त करून घेण्यात आठवडे जातात. पहिल्या रकमेच्या वेळीच बँकेला लेखी कोड द्या, बिल व करार जोडा.

पैसे 'अडकले' असं वाटलं तर तारीखही बघा. युरोची मध्यवर्ती भरणा व्यवस्था शनिवार-रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार, १ मे, २५ व २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असते. ३० एप्रिलला संध्याकाळी पाठवलेली रक्कम दोन-तीन दिवस हलत नाही, यात कुणाची लबाडी नसते.

प्रश्न: मी धरमपेठेत राहते, चित्रकार आहे. जर्मन प्रकाशनाला चित्रं ठरावीक काळासाठी वापरायचा परवाना दिला. ४,००० युरोच्या बिलावर ३,३६७ च आले. ६३३ युरो कर कापला म्हणतात. परत मिळतील का?

काही परत मिळतील, काहींचं इथे क्रेडिट मिळेल. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे आहेत.

तुम्ही चित्रं वापरायचा हक्क दिलात, नुसती सेवा नाही. अशा रॉयल्टीवर जर्मन कायदा पैसे देणाऱ्याला १५ टक्के कर आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार कापायला लावतो. ६०० अधिक ३३, म्हणजे ६३३ युरो, एकूण १५.८२५ टक्के. प्रकाशनाचं गणित बरोबर आहे. पण भारत-जर्मनी करारात रॉयल्टीवरचा जर्मन कर १० टक्क्यांवर थांबतो, म्हणजे ४०० युरो. कराराचा दर कापतानाच लावायचा असेल तर जर्मनीच्या केंद्रीय कर कार्यालयाचा दाखला पैसे देण्याआधी हातात लागतो. तो नव्हता, म्हणून प्रकाशनाने पूर्ण दर लावला.

आता जादाचे २३३ युरो त्या कार्यालयाकडे मागायचे. ज्या वर्षी पैसे मिळाले ते कॅलेंडर वर्ष संपल्यापासून चार वर्षं मुदत आहे. सोबत प्रकाशनाकडून कर कापल्याचं अधिकृत प्रमाणपत्र आणि भारतीय आयकर खात्याचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट लागतं. दुसरं प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून मिळतं. त्यासाठी पॅन, पत्त्याचा पुरावा आणि कोणत्या काळासाठी हवं ते लिहून अर्ज करा. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी सुरू करा.

उरलेल्या ४०० युरोंचं क्रेडिट भारतीय करातून मिळतं. विवरणपत्रात उत्पन्न ४,००० युरो दाखवायचं, ३,३६७ नाही. क्रेडिटसाठीचा वेगळा फॉर्म (जुन्या नियमांत फॉर्म ६७) पोर्टलवर भरून कापल्याचा पुरावा जोडायचा. कराचे रुपये करताना, कर ज्या महिन्यात कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) घ्यायचा. इथे लोकांचा पाय घसरतो तो असा की पूर्ण ६३३ चं क्रेडिट मागतात. करारापेक्षा जास्त कापलेला कर भारत मोजत नाही. म्हणजे जर्मनीत अर्ज केला नाही तर ते २३३ युरो कुठूनच परत येत नाहीत.

पुढच्या वेळी करार करतानाच विचारा की परवाना ठरावीक काळाचा आहे, की सगळे हक्क कायमचे दिले जात आहेत. कर कापायचा की नाही हे बऱ्याचदा यावर ठरतं.

प्रश्न: माझी मुलगी ड्युसेलडॉर्फला राहते, जर्मनीतल्या परवान्यावर स्वतंत्र सल्लागार आहे, पासपोर्ट भारतीय. आयंडहोवनच्या कंपनीत जाऊन पाच महिने काम करायचं आहे. १८३ दिवसांच्या आत आहे म्हणजे नेदरलँड्सचा कर लागणार नाही ना? ती निर्धास्त आहे, मी नाही.

तुमची काळजी योग्य आहे, पण कारण कराच्या आधीचं आहे. ड्युसेलडॉर्फहून आयंडहोवनला गाडीने रोज जाऊन येता येतं, वाटेत कोणी पासपोर्ट बघत नाही, म्हणून हे सहज निसटतं. जर्मन निवास परवान्यावर शेंगेन भागात (आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. काम करायचा हक्क त्यातून मिळत नाही. एका देशातून दुसऱ्या देशात मोकळेपणाने सेवा द्यायचं स्वातंत्र्य युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपोआप नाही. कंपनीत जाऊन काम करायचं तर डच परवानगी लागेल. ड्युसेलडॉर्फमध्ये घरी बसून त्याच कंपनीचं काम केलं, आणि जर्मन परवाना तशा स्वतंत्र व्यवसायाला मुभा देत असला, तर हा प्रश्न येत नाही. म्हणून तिने आधी कंपनीला विचारावं की किती काम खरोखर तिथे जाऊनच करावं लागेल. आठवड्याच्या बैठकीला जाणं आणि पाच महिने टेबलावर बसणं यात कायद्याच्या दृष्टीने खूप फरक आहे.

१८३ दिवसांचा नियम तिच्यासाठी नाहीच. तो नोकरदारांचा आहे. पगार देणारा मालक दुसऱ्या देशातला असेल आणि पगाराचा बोजा काम होतं त्या देशातल्या शाखेवर पडत नसेल, तरच १८३ दिवसांना अर्थ आहे. दिवस, मालक आणि बोजा या तिन्ही अटी एकत्र हव्यात. स्वतंत्र व्यावसायिकाला विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे: दुसऱ्या देशात तिच्या हाताशी कायमची जागा आहे का? नसेल तर नफ्यावरचा कर जर्मनीतच लागतो. जागा भाड्याने घेतलेली असली पाहिजे असं नाही. बहुतेक करारांचा नमुना जिने बनवला त्या ओईसीडी या संघटनेच्या भाष्यात एका रंगाऱ्याचं उदाहरण दिलं आहे. तो दोन वर्षं आठवड्याचे तीन दिवस एकाच मोठ्या ग्राहकाच्या इमारतीत काम करतो, आणि ती इमारत त्याची कायमची जागा ठरते. त्याच भाष्यात असंही म्हटलं आहे की सहा महिन्यांपेक्षा कमी चाललेल्या कामाला देश सहसा कायमची जागा मानत नाहीत. पाच महिने त्याच्या आत बसतात. पण कराराला 'आणखी तीन महिने वाढ' जोडली गेली की चित्र पालटतं. मुदतवाढीवर सही करण्याआधी कर सल्लागाराला विचारायला सांगा, नंतर नाही.

(इथून भारत-जर्मनी कराराकडे पाहणाऱ्यांसाठी: तो जुन्या धाटणीचा आहे आणि त्यात स्वतंत्र व्यावसायिकासाठी वेगळं कलम आहे. नागपूरहून जर्मनीत जाऊन एका आर्थिक वर्षात एकूण १२० दिवस राहिलात तर जर्मनीला कर लावता येतो. ब्रिटनसोबतच्या करारात तोच आकडा ९० आहे. '१८३' हा सगळीकडे चालणारा आकडा नाही.)

व्हॅट सोपा आहे. तिने डच कंपनीला जर्मन व्हॅट न लावता बिल द्यायचं, दोघांचे व्हॅट क्रमांक लिहायचे, रिव्हर्स चार्जची ओळ टाकायची आणि तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत जर्मनीत सारांश विवरण द्यायचं. काम एखाद्या इमारतीशी किंवा जमिनीशी थेट जोडलेलं असेल, जसं की बांधकामाची देखरेख, तर व्हॅट ती इमारत जिथे आहे तिथला लागतो.

सामाजिक विम्यासाठी ए-१ प्रमाणपत्र हवं. ती जर्मनीत वर्गणी भरते, म्हणून नेदरलँड्सने पुन्हा मागू नये, असं सांगणारा तो कागद. जर्मनीत व्यवसाय खरोखर चालू असला आणि तिकडचं काम त्याच प्रकारचं असलं, तर २४ महिन्यांपर्यंत मिळतो. ती सरकारी आरोग्य विमा निधीची सदस्य असेल तर अर्ज त्या निधीकडेच करायचा, आणि जाण्याआधी. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या बिगर-युरोपीय नागरिकांनाही हे नियम लागू आहेत, डेन्मार्क मात्र त्यात नाही.

तिला एखादी मध्यस्थ कंपनी 'आमच्या पगारपत्रकावर या, सगळं आम्ही बघतो' असं सुचवण्याची शक्यता आहे. मग मालक डच होतो आणि पगारावर पहिल्या दिवसापासून डच कर लागतो. सांगितलेल्या दैनिक दरातून मालकाच्या वाट्याची सामाजिक वर्गणी, कंपनीची कमाई आणि ८ टक्के सुट्टीभत्त्याची तरतूद हे सगळं जातं. दर मोठा दिसतो, हातात येणारी रक्कम नाही. म्हणून लेखी नमुना पगारपत्रक मागावं. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांना मिळणारी '३० टक्के' करसवलत कोणी दाखवली तर सांगा, नेमणुकीआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून अधिक महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा दूर राहिलेलं असावं लागतं. ड्युसेलडॉर्फ त्या पट्ट्याच्या आत आहे.

प्रश्न: एकाच ग्राहकासाठी वर्षानुवर्षं 'फ्रीलान्स' काम करत राहिलं तर युरोपात काय अडचण येते? (जर्मनीतल्या भावाच्या वतीने)

त्याला लपवलेली नोकरी समजलं जातं. कामाच्या वेळा ग्राहक ठरवतो, लॅपटॉप त्याचा, रजा त्याला विचारून, असं असेल तर नाव काहीही असो, ती नोकरी आहे. मागची सामाजिक वर्गणी मुख्यतः ग्राहकाकडून वसूल होते, म्हणून मोठ्या कंपन्या आता फार सावध आहेत. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२५ ला या कारवाईवरची स्थगिती उठली. जर्मनीत आणखी एक नियम आहे. उत्पन्नाचा पाच-षष्ठांश किंवा जास्त भाग एकाच ग्राहकाकडून येत असेल आणि हाताखाली कर्मचारी नसेल, तर खरा स्वतंत्र व्यावसायिकही सक्तीच्या पेन्शन विम्यात येतो, १८.६ टक्के. पहिल्या तीन वर्षांसाठी सूट मिळते, पण अर्ज करूनच. शंका असेल तर भावाने जर्मन पेन्शन विमा संस्थेकडून दर्जा ठरवून घ्यावा.

प्रश्न: बुटीबोरीतली आमची कंपनी मला यंत्र बसवायला चार महिने बेल्जियमला पाठवते आहे. पगार इथेच मिळेल. पीएफ दोन्हीकडे कापला जाईल का?

नाही, पण कंपनीने ईपीएफओकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घेतलं तरच. भारत-बेल्जियम सामाजिक सुरक्षा करार १ सप्टेंबर २००९ पासून लागू आहे आणि त्यात ६० महिन्यांपर्यंत अशी सूट मिळते. जर्मनीसाठी ४८ महिने. हे प्रमाणपत्र पीएफचे सदस्य असलेल्या नोकरदारांसाठी आहे. पीएफ नसलेल्या स्वतंत्र व्यावसायिकाला ते मिळत नाही, हे वरच्या वाचकांनीही लक्षात घ्यावं. बेल्जियममध्ये पाऊल ठेवण्याआधी लिमोसा ही ऑनलाइन नोंद कंपनीने करायची असते. तिची पावती साइटवर सोबत ठेवा, तपासनीस तीच मागतात. कामाचा परवाना वेगळा, तोही आधी. कराचं म्हणाल तर वर सांगितलेल्या तीन अटी तुम्हाला लागू होतात. दिवस मोजताना शनिवार-रविवार, सुट्ट्या, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सगळे धरा. बोर्डिंग पास टाकून देऊ नका.

प्रश्न: जर्मन ग्राहकाने ५,२०० युरोचं बिल ७५ दिवस झाले तरी दिलेलं नाही. ई-मेललाही उत्तर नाही. नागपुरात बसून काय करता येईल?

करारात कोणत्या देशाचा कायदा लागू आहे ते आधी बघा. जर्मन कायदा लिहिलेला असेल तर बाजू भक्कम आहे. बिल मिळाल्यापासून आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दोन व्यवसायांमध्ये थकबाकी आपोआप सुरू होते. त्यावर मूळ दरापेक्षा ९ टक्के जास्त व्याज आणि वर ४० युरो ठोक भरपाई मागता येते. करारात काहीच लिहिलेलं नसेल तर युरोपीय नियमानुसार सेवा देणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा, कायदा लागतो, आणि जर्मन न्यायाधीशाला तो आधी शोधून घ्यावा लागतो. पुढच्या करारात एक ओळ घाला.

आता पावलं. बिल, करार आणि काम पोचल्याचा ई-मेल जोडून एक शेवटची मागणी पाठवा. त्यात ठरावीक तारीख लिहा, 'लवकरात लवकर' नको. ती टपालानेही पाठवा. कंपनीच्या जर्मन व्यापार नोंदणीतल्या पत्त्यावर ती गेली पाहिजे. तारीख उलटली की जर्मनीची वसुली आदेशाची सोपी प्रक्रिया आहे. ज्यांचं जर्मनीत ठिकाण नाही अशा अर्जदारांसाठी बर्लिनचं वेडिंग न्यायालय नेमलेलं आहे. न्यायालय मागणीचा खरेखोटेपणा तपासत नाही, आदेश काढून ग्राहकाला पाठवतं. त्याने दोन आठवड्यांत हरकत घेतली नाही तर पुढचा आदेश अंमलबजावणीचा निघतो. हरकत घेतली तर साधा खटला होतो, आणि तिथे वकील करायचा का हे रकमेकडे बघून ठरवा. ही वाट फक्त युरोतल्या मागणीसाठी आहे. बिल डॉलरमध्ये असेल तर ती बंद. म्हणून जर्मन ग्राहकाला बिल युरोतच द्या.

दरम्यान तुमच्या बँकेला लेखी कळवा की रक्कम थकली आहे आणि मुदतवाढ हवी आहे. जीएसटीची वर्षाची मुदत तुमच्या भांडणासाठी थांबत नाही.

प्रश्न: मुलगा आयर्लंडमध्ये कंत्राटावर आहे. दरमहा आम्हाला पैसे पाठवतो. यांच्या निवृत्तिवेतनावर आधीच कर बसतो, त्यात हे धरायचे का? आता तो म्हणतो, ग्राहकालाच थेट बाबांच्या खात्यात पैसे पाठवायला सांगतो, म्हणजे शुल्क वाचेल.

मुलाने आई-वडिलांना दिलेल्या पैशांवर, रक्कम कितीही असो, कर नाही. ते पी-१३०१ या कोडखाली घ्या, इथे तोच बरोबर आहे. त्या पैशांची मुदत ठेव केलीत तर व्याज मात्र ज्याच्या नावे ठेव त्याचं उत्पन्न. मुलाचं नागपुरातलं जुनं बचत खातं तसंच चालू असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. तो सुट्टीत येतो तेव्हाचे दिवस मोजायला सांगा. भारतातलं त्याचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांपासूनच सावध राहायला हवं, एरवी १८१ दिवसांपर्यंत चालतं.

ग्राहकाचे पैसे थेट वडिलांच्या खात्यात घेणं मात्र टाळा. बिल मुलाचं, उत्पन्न मुलाचं आणि त्यावरचा कर आयर्लंडमध्ये. पैसे वडिलांच्या खात्यात परदेशी कंपनीकडून आले की आपल्या बँकेला ते वडिलांच्या सेवेचा मोबदला वाटणार, कोडही तसा पडणार, आणि निवृत्त माणसाला त्याचा खुलासा देत बसावं लागणार. तिकडे आयरिश कर खात्यापुढे मुलाची बिलं आणि बँक खातं जुळणार नाही. वाचेल ते काही युरोंचं शुल्क. मुलाने ग्राहकाला वडिलांचा खाते क्रमांक दिला असेल तर पुढचं बिल निघण्याआधी तो बदलायला सांगा, आणि ग्राहकाकडून बदल झाल्याचं लेखी उत्तर घ्या.